पाहुण्याचा मान

“उद्या प्रल्हाद येतोय माझ्याबरोबर,” जेवणाच्या टेबलावर रायफल पुसता पुसता श्रीरंग म्हणाला. “पहाटेच निघू.”

सीमाच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला.

प्रल्हाद हा श्रीरंगचा पुण्यापासूनचा मित्र आणि इथे अमेरिकेत मे महिन्यापर्यंत त्याचा मॅनेजर. टीममधली माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा श्रीरंगचं नाव प्रल्हादनेच वर कळवलं. तोंडावर सांगायची हिंमत मात्र त्याला झाली नाही. ते काम कुणा अनोळखी मुलीने व्हिडिओ कॉलवर उरकलं. तेव्हापासून बोलणं बंद. दरवर्षी गणपतीच्या आरतीला हक्काने येणारा प्रल्हाद यंदा फिरकलाही नाही.

सुरुवातीला श्रीरंगने बरेच इंटरव्ह्यू दिले. मग रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा एका अमेरिकन शेजाऱ्याच्या नादाने शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला, रायफल घेतली. ज्या घरात झुरळ मारायचं तर बाबापुता करावं लागायचं, त्या घरात बंदूक आली. हरीण आणलंस तर फोडणी कशाची देऊ, म्हणून सीमाने त्याची भरपूर चेष्टा केली.

पुढे चेष्टा आपोआप थांबली. श्रीरंग तासन्‌तास टेबलाशी बसायचा, सरावाची काडतुसं भरायचा, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. खट्. पुन्हा खट्. ती काडतुसं खोटी, आत दारू नसलेली, पण दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी. बुडाशी जिथे गोल टिकली असते तिथे नुसता खळगा, एवढाच फरक. त्यानेच तो एकदा कौतुकाने दाखवला होता.

“एकच गोळी पुरते,” तो म्हणायचा. “फक्त घाई करायची नाही.”

आमटीचा गॅस बारीक करून सीमाने विचारलं, “इतक्या महिन्यांनी प्रल्हाद कसा काय?”

“मीच फोन केला. त्याच्याशी एकदा शांतपणे बोलायचंय. इथे नाही जमत. तिथे कोणी नसतं.”

“त्याला येतं का हे सगळं?”

“मागच्या वर्षी ऑफिसच्या ग्रुपबरोबर परवाना काढलाय त्याने. गेला नाहीये एकदाही. बंदूक माझी आहे ना, दोघांत एक पुरे.”

हे सगळं तो अगदी मऊ आवाजात बोलला. सीमाला भीती वाटली ती त्या आवाजाची. गेल्या पाच महिन्यांत त्याने प्रल्हादला एक शिवी घातली नव्हती. घातली असती तर तिला बरं वाटलं असतं. कुणाला सांगावं तर पुरावा काय, आणि पोलिसांना कळवलं तर ह्याचं उरलंसुरलं आयुष्यही मातीत जायचं. माझा नवरा असा नाही, असं तिने स्वतःला दहादा बजावलं. अकराव्यांदा बजावता येईना.

तो अंघोळीला गेला, तशी तिने कमरेच्या पट्ट्याचं पाकीट उघडलं. उद्यासाठी काढून ठेवलेली काडतुसं बाहेर घेतली, त्यांच्या जागी सरावाची ठेवली. खरी तिने तूरडाळीच्या डब्यात तळाशी दडपली. थोडी डाळ ओट्यावर सांडली, ती तिने पुसून घेतली.

पहाटे रेडमंडची ठरलेली भुरभुर चालू होती. प्रल्हाद पातळ राखाडी जाकीट घालून आला, ऑफिसला निघाल्यासारखा, आणि दारातच कुडकुडायला लागला. वहिनी बऱ्या आहात ना, एवढंच त्याने खाली बघून विचारलं. श्रीरंगने आपल्या मावशीने विणलेला तपकिरी स्वेटर चढवला होता आणि त्यावर ते भडक नारिंगी जाकीट. हंगामात ते घालायची सक्तीच असते. सीमाने आल्याचा चहा थर्मासमध्ये भरून दिला.

गाडी वळली आणि तिला एकदम अस्वल आठवलं. डोंगरापलीकडच्या त्या जंगलात अस्वलं आहेत, हे श्रीरंगनेच सांगितलं होतं. समोर अस्वल आलं तर नवऱ्याच्या हातात आता नुसती काठी होती. ती तिने दिली होती. तिने फोन लावून पाहिला. रेंज नव्हती. दिवसभर ती लावत राहिली.

संध्याकाळी गाडी दारात थांबली. खिडकीतून तिला नारिंगी जाकीट उतरताना दिसलं, आणि जाकिटात प्रल्हाद होता. मग पलीकडचं दार उघडलं. भिजलेल्या स्वेटरमध्ये श्रीरंग उतरला, आणि तो हसत होता. असा हसलेला तिने त्याला मे महिन्यापासून पाहिला नव्हता.

“शिकार शून्य,” तो आत येत म्हणाला. “पण पोटभर बोललो यार. ह्याला काहीतरी गरम दे, मी कोरडा होऊन येतो.” आणि तो वर गेला.

सीमाला स्वतःची लाज वाटली. ह्या माणसाबद्दल आपण काय काय मनात आणलं! तिने प्रल्हादपुढे चहा ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वहिनी, त्याला मी सांगितलेलं नाही. सांगवणार पण नाही. पण कुणाला तरी सांगायला हवं.”

ती समोर बसली.

“मला थंडी सोसत नव्हती, तर त्याने स्वतःचं जाकीट काढून मला घातलं. मला म्हणाला, माझ्या मनात काही नाहीये, तूही ठेवू नकोस. मग बंदूकही माझ्या हातात दिली. पहिला मान पाहुण्याचा म्हणे. आलोच, म्हणून कुठेतरी गेला.” प्रल्हादने खिशातून एक काडतूस काढून टेबलावर ठेवलं. बुडाशी खळगा होता. “थोड्या वेळाने समोरच्या झुडपात काहीतरी तपकिरी हललं. मी नीट नेम धरला. अजिबात घाई केली नाही. चाप ओढला, तर नुसतं खट् झालं.”

वर नळाचं पाणी वाहत होतं.

“आणि झुडपातून श्रीरंग बाहेर आला, थर्मास घेऊन.”