पिंपातलं तिकीट

अंबूबाईचा हात कोपरापर्यंत तांदळात गेला होता. मुठीत विपुलचा फोन होता. पिंपाच्या तळाला टेकल्यावर तिनं तो सोडला, वरून तांदूळ सारखा केला, झाकण लावलं आणि हात धुतला. किडे होऊ नयेत म्हणून तांदळाला लावलेली बोरिक पावडर कातडीला चिकटून बसली होती. तिनं हात परत धुतला. न्हाणीत लेकाची आंघोळ अजून चालूच होती. बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या प्लगला चार्जर तेवढा लोंबकळत राहिला.

"सगळं ह्या फोनात आहे, आई," काल त्यानं सांगितलं होतं. "विमानवाल्यांनी कागद बंद केलाय. हे चौकोनी ठिपके दाखवायचे, की सरळ आत." पासपोर्टची पिशवी तो गळ्यातून काढत नव्हता, आंघोळीला जातानाही बरोबर नेत होता. राहिला फोन.

तांदळाची युक्ती अंबूबाईची नव्हे, तिच्या सासूची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्याला, अण्णांना, मस्कतची नोकरी लागली होती. सासूनं तिकीट गुपचूप कणगीत पुरलं. अण्णांनी घर पालथं घातलं, विमान निघून गेलं, कंपनीनं दुसरा माणूस घेतला. अण्णा इथंच, नरपड गावात राहिले आणि शेवटपर्यंत चिकूची वाडी बघत जगले. तेव्हा अंबूबाईला सासूचा भयंकर राग आला होता. आज तिनं तेच केलं, आणि लाज वाटायची ती वाटलीसुद्धा नाही, इतकी ती घाबरलेली होती.

भीती लाहूची होती. धाकट्या डहाणूचा लाहू विपुलसारखाच नोकरीसाठी दुबईला गेला. आधी रोज फोन, मग आठवड्यानं, मग बंद. तो आहे की नाही, हे त्याच्या आईला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ती बाई बाजारात समोरून येताना दिसली की अंबूबाई रस्ता बदलायची.

"आई, माझा फोन बघितलास?"

"मी कशाला हात लावू बाबा तुझ्या फोनला?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

विपुलनं गादी उलटली, बॅग उपसली. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि मनिष आत आला. विपुलचा शाळेपासूनचा दोस्त; विमानतळावर सोडायला तोच जाणार होता. "असा काय शोधतोस? थांब, मी रिंग देतो," तो म्हणाला.

हे अंबूबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूच्या कागदाला कुणी रिंग देत नव्हतं! स्वयंपाकघरातून घुर्र घुर्र ऐकू यायला लागलं, डब्यात भुंगा अडकावा तसं. ती धावत आत गेली आणि तिनं मिक्सर लावला. रिकामाच.

"काकी, आता काय वाटताय?" मनिष बाहेरून ओरडला.

"चटणी! वाटेत खायला!"

तिनं मिक्सर बंद केला तेव्हा घुरघुर थांबली होती. विपुल दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. "आई, देवापुढं दिवा लाव," तो म्हणाला. "निघायची वेळ झाली."

काडी दोनदा विझली. देवाकडे काय मागावं तेही तिला कळेना. मुलगा सुखरूप जावा म्हणावं, की जाऊच नये म्हणावं? ती परत आली तेव्हा विपुल पाणी पीत होता. त्याच्या बाहीला पांढरं काहीतरी लागलं होतं. भिंतीचा चुना असेल, असं म्हणून तिनं ते झटकलं.

"फोन नाही म्हणजे आता जाणं नाही ना रे?" तिनं विचारलं.

"तिकीट फोनात नसतं, आई. ते त्यांच्या कॉम्प्युटरात असतं. तिथं बाहेरच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवला की छापून देतात." तो वाकून पाया पडला. "फोन मी तिकडं दुसरा घेईन. एकटी आहेस म्हणून चहा-बटरवर भागवू नकोस. संध्याकाळी भात लाव. लावशील ना?"

तिनं मान हलवली. जीप गेली.

अंबूबाई पडवीत बसून राहिली. आधी नुसतंच रडू आलं. मग वाडीतलं ऊन उतरायला लागलं तसं तिला एकदम उमजलं. पोचल्यावर तो फोन करणार कुठं? घरात दुसरा फोनच नव्हता. मनिषकडून निरोप येईल, एकदा येईल, दोनदा येईल. मग? लाहूच्या आईनं सुरुवातीला निदान लेकाचा आवाज तरी ऐकला होता. हिनं तोही स्वतःच्या हातानं पिंपात पुरला. विपुलच्या लेखी तो फोन हरवलेला. त्यावर तो कशाला करील? आणि केला तरी फोन किती दिवस चालणार? तिनं भिंतीकडे पाहिलं. प्लग रिकामा होता. चार्जर तो घेऊन गेला होता.

भूक मेली होती. पण लेकाला हो म्हटलं होतं. दिवेलागणीला ती उठली, पिंपाचं झाकण काढलं आणि तांदळात वाटी खुपसली. वाटी कशाला तरी अडली. तिनं हात घातला. फोन तिनं तळाला पुरला होता. आता तो वरच होता, ओंजळभर तांदळाखाली, आणि त्याच्याभोवती चार्जरची वायर नीट गुंडाळलेली होती.