आगाऊ कौतुक

काशीद गावातल्या त्यांच्या वाडीत दिपेश आला की गोदावरीबाईंचं डोकं उठायचं. त्याला हॉटेलसाठी वाडी विकत हवी होती, तर सरळ तसं बोलावं; पण नाही! उंबऱ्यापासून वाकून नमस्कार आणि वर साखरपेरणी.

पहिल्या दिवशी ओटीवर बसताच म्हणाला, "काकू, चहा काय फक्कड झालाय!" अजून गॅससुद्धा पेटला नव्हता. मग झक मारत आधण ठेवावं लागलं.

दुसऱ्या खेपेला म्हणाला, "इराच्या हातचे घारगे म्हणजे अमृत!" लेक तर पुण्यात होती. संध्याकाळी ती न कळवता आली आणि आल्या आल्या घारगे तळायला बसली. गोदावरीबाईंच्या घशाखाली एकही उतरला नाही.

आज त्याला ओटीवरूनच वाटेला लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मागच्या अंगणात त्यांचे यजमान, भाऊ, नारळ सोलत होते. तो खर्र-खर्र आवाज सकाळपासून घरभर ऐकू येत होता.

"हे बघ, आमच्या ह्यांनी नाही म्हणून सांगितलंय. वाडी विकायची नाही. आणि तुझं ते कौतुक आता पुरे कर, कान किटले माझे."

दिपेश अदबीने हसला. त्यांच्या खांद्यावरून आतल्या भिंतीकडे बघत त्याने हात जोडले.

"किती प्रसन्न हसतायत हो भाऊ! आणि फोटोला हार काय शोभतोय!"

गोदावरीबाई गर्रकन वळल्या. भिंतीवर नुसता खिळा होता, कॅलेंडरसाठी भाऊंनी सकाळीच ठोकलेला.

मागचा खर्र-खर्र आवाज कधी थांबला, ते त्यांना कळलंच नव्हतं.