मार बिनधास्त

रॉकेलवरच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढून हँडल मारण्याआधी थोरल्या भावाने विचारलं होतं, "न्यूट्रलला आहे ना रे?" सीटवरून धाकटा म्हणाला होता, "आहे दादा, मार बिनधास्त." गिअर त्यानेच टाकून ठेवला होता. इंजिन सुरू होताच ट्रॅक्टर अंगावर आला आणि थोरला जागच्या जागी गेला.

तेव्हापासून ट्रॅक्टर सुरूच होईना.

आज मिस्त्रीने प्लग पाहिले, वायरी पाहिल्या, शेवटी कॉइल काढून खिशात टाकली. "ही पार गेलीय, मालक. नवी आणतो. तोवर इंजिन जाम नाही ना, हँडल फिरवून बघा." तो निघून गेला.

धाकट्याने पुढे उभं राहून हँडल घातलं. कॉइलशिवाय इंजिन कसलं सुरू होतंय! तरी तो पुटपुटला, "न्यूट्रलला आहे ना?"

"आहे रे," रिकाम्या सीटवरून थोरल्याचा आवाज आला. "मार बिनधास्त."

धाकट्याला हात आवरता आला नाही. पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडलं.