दीडशेचा फरक

रविवारी जेवणं उरकल्यावर कुशलने लॅपटॉप आईसमोर सरकवला. डिसेंबरच्या क्रूझचं बुकिंग आजच करायचं होतं. ऑकलंडहून निघायचं, फिजीपर्यंत जाऊन परत, दहा दिवस. कुशल हॉर्नबीतल्या एका वेअरहाऊसमध्ये प्लॅनर होता आणि घरातल्या साध्या गोष्टीचाही तक्ता करायची त्याला सवय होती. या तक्त्यात तीन ओळी होत्या. जहाजावर खर्च करायला कोण किती क्रेडिट देतं, एवढाच प्रश्न.

पहिली ओळ आईची, म्हणजे सुनीताताईंची. त्यांच्या नावावर क्रूझ कंपनीचे शंभर शेअर होते. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट असताना नवऱ्याच्या हट्टापायी घेतलेले. शिरीष एकदाही जहाजात पाय न ठेवता गेले, शेअर राहिले. शेअरहोल्डर स्वतः केबिनमध्ये असेल, तर कंपनी त्या केबिनला अडीचशे डॉलरचं क्रेडिट देत असे. म्हणूनच मे महिन्यात सुनेचा, सुरुचीचा फोन आला होता, की आई, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर.

त्यामागचं कारण सुनीताताईंना तेव्हाच कळलं होतं, पण त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मुलाच्या संसारात जाताना हातात काहीतरी असलं की बरं असतं. कुणी चकल्या नेतं, आपण शेअर नेऊ. चौघांच्या केबिनमध्ये त्यांच्या वाट्याला वरची बर्थ आली होती, शिडीने चढायची. गुडघ्यांचं काय, असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. गॅरेजमधली छोटी शिडी हॉलमध्ये आणून त्या रोज सकाळी चढायला-उतरायला लागल्या. जुलैअखेर आधार न घेता जमू लागलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी शिरा केला होता.

दुसरी ओळ क्रेडिट कार्डाची, नव्वद डॉलर. ती कुशलने वाचता वाचताच खोडली. तिसरी कालच आली होती. रिकार्टनचा एक ट्रॅव्हल एजंट बाल्कनीवाल्या केबिनवर चारशे डॉलर देत होता. ती केबिन तिघांचीच होती. शिवाय एजंटचं क्रेडिट घेतलं, की त्या केबिनला शेअरचं मिळत नव्हतं. दोन्हींतलं एकच.

"इकडे चारशे, इकडे अडीचशे," कुशल म्हणाला आणि थांबला. पुढचं आकड्यांनी सांगावं, अशी त्याने व्यवस्था केली होती.

सुनीताताईंनी चष्मा लावून एजंटच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसमधली चूक त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे. इथे चूकच नव्हती. शेअरचं स्टेटमेंट आपण कधीच काढून ठेवलंय, फॉर्म तेवढा पाठवायचाय, असं त्यांनी सांगून पाहिलं. कुशल हं म्हणाला. सोफ्यावर नऊ वर्षांची ऋग्वेदा पोहायचे नवे टॉग्ज मांडीवर घेऊन टॅबलेट बघत बसली होती. ती बोलायची इंग्लिशमध्ये, पण मराठी तिला सगळं कळायचं. तिने मान वर करून आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि परत टॅबलेटमध्ये डोकं घातलं.

"वरचे दीडशे मी घालते," सुनीताताई म्हणाल्या.

कुशल हसला. मग आई थट्टा करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. नुसते दीडशे नाहीत, बाल्कनीही जाते, असं तो म्हणाला. त्यावर त्यांनी लगेच दुसरा तोडगा काढला. तुम्ही तिघं बाल्कनीची केबिन घ्या, एजंटचे चारशे तुमचे. मी माझी वेगळी घेते, माझ्या पैशांनी, बिनखिडकीची मिळाली तरी चालेल. माझे अडीचशे तिथे मिळतील, तेही तुम्हीच खर्च करा.

हिशेब चोख होता. त्यात कुणाचं एका डॉलरचंही नुकसान नव्हतं. पण कुशलने तक्त्यात चौथी ओळ घातली नाही. सुरुची उठली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

"प्रश्न पैशांचा नाहीये, आई," कुशल म्हणाला.

मग तो समजावत राहिला. सुरुचीच्या नाइट ड्युट्या, त्याची शनिवारची कामं, तिघांना म्हणून असा वेळ कधी मिळतच नाही. पुढच्या वर्षी आपण सगळे क्वीन्सटाउनला जाऊ, गाडीने, तुला झेपेल असं. शिवाय जहाजावर तुला कंटाळाच आला असता. तो हे सगळं फार मायेने बोलत होता, आईचा हात हातात घेऊन. सुरुचीने पाठ न वळवताच, हो ना आई, म्हटलं.

सुनीताताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात सोडवून चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून कार्डिगनच्या टोकाने काचा पुसल्या.

"तिघांचंच बुक कर," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, त्याच्याकडे न बघता, "पैशांचाच असता तर बरं झालं असतं रे."