कमानीखालचा ओटा

रखमाजीचा मोबाइल पुन्हा बंद लागला आणि अंकित वकिलाने कपाळाला हात लावला. कोर्टात आल्यावर मोबाइल बंद ठेवायचा, हे त्यानेच बजावले होते. इतक्या वर्षांत रखमाजीने त्याचे तेवढे एकच ऐकले असावे.

कोर्टाच्या नव्या इमारतीत शिपाई शेवटचा पुकारा करून गेला. आज दोघे भाऊ स्वतः हजर झाले नाहीत तर विहिरीचा दावा काढून टाकीन, असे न्यायाधीशांनी मागच्या तारखेलाच सांगितले होते. रखमाजी नाही आणि त्याचा धाकटा भाऊ धर्मराजही नाही. दावा काढून टाकला गेला. बापाने खोदलेली विहीर वाटणीत धर्मराजच्या बाजूला गेली होती. तिच्या पाण्यातला हिस्सा मिळावा म्हणून रखमाजी अर्धे आयुष्य केदारखेड्याहून कोर्टात खेटे घालत होता.

अंकितने गाडी काढली ती थेट जुन्या कोर्टावर. निजामाच्या काळातली काळ्या दगडाची इमारत. भिंती इतक्या रुंद की मे महिन्यातही आत गारवा, आणि कमानी अशा की शिपायाचा पुकारा पार रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. कोर्ट तिथून हलून महिना झाला होता. आता दाराला कुलूप होते आणि आत पारवे.

कमानीखालच्या ओट्यावर एका टोकाला रखमाजी बसला होता, दुसऱ्या टोकाला धर्मराज. मधली जागा नेहमीसारखी मोकळी. दावा लागल्यापासून दोघे बोलत नव्हते. एकमेकांचे नावही घेत नव्हते, ‘समोरची पार्टी’ म्हणत.

दावा गेल्याचे सांगून टाकले आणि अंकितचा संयम सुटला. “काका, नव्या कोर्टात या म्हणून किती वेळा सांगितलं? हे एवढं मोठं कुलूप दिसलं नाही?”

“दिसलं ना,” रखमाजी म्हणाला. “पन समोरची पार्टी हितं बसेल व्हती. म्हणलं, मंग वकीलसाहेबच चुकले आसतील.”

समोरच्या पार्टीच्या एका शब्दावर भरवसा ठेवू नका, असे रखमाजीनेच अंकितला हजारदा ऐकवले होते. तो वैतागून धर्मराजकडे वळला. तुम्हाला तरी तुमच्या वकिलाने सांगितले नव्हते का, असे त्याने विचारले.

“सांगितल्तं की,” धर्मराज खाली बघत म्हणाला. “पन दादा हितं बसल्ता ना.”