सिमेंटचा जोड

सांगून कुणाला पटायचं नाही, पण मी दिलेला जोड खुद्द फिल्मलाही सापडत नाही. मिरजेला एकदा शर्यतीचा घोडा मधोमध तुटला होता. मी जोडला, तर पडद्यावर तो आधीपेक्षा जोरात धावला!

हे मी आमच्या शैलजाला ऐकवत होतो, कारण तिच्या आईची आठ एमएमची फिल्म आज पुन्हा नेहमीच्याच जागी तुटली होती. तिची आई जाऊन एकतीस वर्षं झाली. तिची हलती चित्रं एवढीच, जेमतेम तीन मिनिटांची.

“बाबा, या वेळी टेप लावा,” शैलजा म्हणाली. “टेपला काही कापावं लागत नाही.”

“टेप जखमेला लावतात! टेपचा जोड पडद्यावर उडी मारतो, तुझी आई दचकल्यासारखी दिसते. फिल्म सिमेंटनं दोन्ही टोकं कशी एकजीव होतात.”

“पण त्यासाठी दर वेळी एक-दोन फ्रेम खरवडून टाकता ना?”

“सेकंदाचा सोळावा भाग गं तो! तेवढ्यानं माणूस काय कमी होतो?” मी ब्लेड उचललं. “शपथेवर सांगतो, इतक्या वर्षांत तुझ्या आईचं काहीसुद्धा गेलेलं नाही.”

तिनं माझं मनगट धरलं.

“खोटं बोलताय, बाबा. मी शाळेत होते तेव्हा या फिल्ममध्ये आई फाटकातून वळून हात हलवायची. आता ती नुसतीच निघून जाते.”