दीड रुपयाचे अकरा मैल

पोलादपूर दोन मैल राहिलं तेव्हा सहदेव सगळ्यांच्या पुढं होता, आणि नेमकं तेव्हाच त्याला पुढं जावंसं वाटेना.

महाडहून बरोबर निघालेले सतरा जण मागच्या वळणाआड धुळीत कुठंतरी होते. तीन पावसाळ्यांनी आज पायांखाली सायकल आली होती. पाय असे सुटले होते की विचारू नका. बारा वर्षं गिरगावात इराण्याच्या भट्टीतले पाव पहाटे सायकलवरनं घरोघर पोचवलेले ते पाय. ते काहीच विसरले नव्हते. मग थोरला भाऊ गेला, शेत बघायला कुणी उरलं नाही, आणि सहदेव पोलादपूरच्या डोंगरात, उमरठच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत परतला. वाडीला जायला पायवाट तेवढी. तिथं सायकल नेऊन करायचं काय, खांद्यावर घेऊन मिरवायची?

शर्यत महाडच्या मुरारीशेटची, यंदापासून दरसाल ठेवलेली, सायकलीही त्यांच्याच दुकानातल्या. दीड रुपया भरायचा, सायकल त्यातच. पहिल्याला खिशातलं घड्याळ, बाकीच्यांना पोलादपुरात सरबत. यावर वाडीत दोन दिवस खल झाला.

"दीड रुपयात सरबत?" त्याची बायको रखमा म्हणाली होती. "त्यापरास घरी गूळपानी प्या. फुकट हाय."

घड्याळ मिळालं तर मात्र पैसे वसूल, असं शेवटी सगळ्यांनी ठरवून टाकलं. घड्याळ सहदेवच आणणार, हेही परस्पर ठरवलं. सहदेवाला घड्याळ नको होतं, सायकल हवी होती, आणि हे सांगितलं तर रखमा म्हणेल, एवढी मुंबई आठवते तर जा. ती खरंच तसं म्हणाली तर आपण जाऊ, याची त्याला धास्ती होती.

आता दोन मैल उरले. म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटांनी मुरारीशेट हँडल धरणार, सायकल लॉरीत चढणार, आणि आपण तिथं वाट बघत असलेल्या रखमाच्या मागनं डोंगर चढायला लागणार. नऊ मैल नुसते उधळून टाकले की आपण! एवढी घाई करायला सांगितलं होतं कुणी?

त्यानं पाय मारायचे थांबवले. चाकं आपली आपण फिरत राहिली, मागच्या चाकाची टिकटिक ऐकू यायला लागली. पहाटेच्या गिरगावात रस्त्यावर दुसरा आवाजच नसायचा. सहदेवाला एकदम भडभडून आलं.

महाडच्या वकिलांचा मुलगा धापा टाकत बरोबरीला आला. "काय रे, पंक्चर?"

"नाय. तुमी व्हा पुढं."

एकेक करून सगळे पुढं गेले. सहदेवानं हँडलवरचा एक हात सोडला, मग दुसराही सोडला. सावित्री नदीच्या पात्राकडं बघत तो रमतगमत निघाला. मैलाचा दगड आला तसा तो चक्क मागं वळला. दीड रुपयात मोजून अकराच मैल, असं मुरारीशेट कुठं म्हणाले होते?

अर्धा मैल उलटा गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हाच रस्ता महाडला जातो. तिथून पुढं दासगावचा धक्का. धक्क्याला बोट. बोटीत बसलं की मुंबई. रस्ता मोकळा होता आणि पाय दमलेले नव्हते. एक पाय जमिनीवर टेकून सहदेव बराच वेळ तसाच उभा राहिला.

तो पोलादपुरात पोचला तेव्हा सरबत संपलं होतं, माणसं पांगली होती. लॉरीत सायकली चढवून झाल्या होत्या. मुरारीशेटनी हँडल धरलं.

"अरे सहदेवा, तू तर पुढे होतास म्हणे! वाटेत झोप काढलीस की काय?"

सहदेवाची बोटं सुटेनात. "शेट, ही लॉरीत कशाला घालता? मी चालवत नेतो ना महाडला."

"आणि परत येशील कसा? अकरा मैल पायी?"

"येईन की."

मुरारीशेट खो खो हसले आणि सायकल ओढून घेऊन गेले. रखमा हसली नाही. ती पहाटेच डोंगर उतरून येऊन उभी होती. नवऱ्याच्या धुळीनं भरलेल्या तोंडावर डोळ्यांपासून खाली दोन ओघळ होते, ते तिनं बघितले.

"पडलात काय?"

"नाय गो."

"सगळे आले, तुमीच नाय. मला वाटलं, तसंच मुंबयच्या वाटेला लागलात."

सहदेवानं मान खाली घातली. 'नाही' असं त्याला म्हणता आलं नाही. "लौकर पोचलो असतो तर लौकर उतरावं लागलं असतं," एवढंच तो म्हणाला.

रखमा लॉरीजवळ गेली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठीत मीठमिरचीचे पैसे होते, आणि वर्षभर साठवलेली थोडी चिल्लर.

"शेट, पुढल्या सालचं दीड रुपय आताच घेता काय?"

"अगं बाई, तुझा नवरा शेवटचा आला!"

"आला ना," रखमा म्हणाली आणि पैसे मोजायला लागली.